कुठल्या डोळ्यात बघू?

दोन भिंगांचा जुना कॅमेरा पोटाशी धरून फोटोवाला समोर उभा राहिला की खाटेवर बसलेलं माणूस हमखास विचारतं, "कुठल्या डोळ्यात बघू?" प्रश्न अगदी रास्त आहे. एकावर एक दोन भिंगं, दोन्ही जवळपास सारखी, दोन्ही आपल्याकडेच वळलेली. उत्तर आहे, खालच्या. वरचं भिंग फोटोवाल्याला दाखवण्यासाठी, खालचं फिल्मसाठी. पण उत्तर मिळेपर्यंत एक काम होऊन गेलेलं असतं. समोरचं माणूस बोलायला लागलेलं असतं. डोळ्याला लावायचा मोठा काळा कॅमेरा समोर आला की असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पदर पुढे ओढला जातो, हात मांडीवर नीट ठेवले जातात आणि माणसं गप्प होतात.

हा फरक भिंगाच्या प्रतीतून येत नाही. समोरच्याला भिंगाची प्रत कळतच नाही. त्याला दिसतं ते फोटोवाल्याचं अंग: मान कुठे आहे, कोपर किती वर गेलंय, तोंड दिसतंय की झाकलंय. कॅमेरा बदलला की ही ठेवण बदलते, आणि तिला मिळणारं उत्तरही बदलतं.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत सगळ्यात नावाजलेला रोलिफ्लेक्स. तो १९२९ साली जर्मनीत बाजारात आला. आपल्याकडच्या स्टुडिओंत जास्त हाताळले गेले ते याशिकाचे: ६३५, डी, मॅट १२४ जी. '१२०' नावाच्या रुंद फिल्मचा रोल, ६ × ६ सेंटिमीटरचा चौकोन, रोलमागे १२ फोटो. वरचं झाकण उचललं की पत्र्याच्या चार भिंती उभ्या राहतात आणि तळाशी दुधी काच दिसते. त्या काचेत डोकावायला फोटोवाल्याला मान खाली घालावी लागते. समोरच्याला दिसतो त्याचा भांग, पोटाशी जुळलेले दोन्ही हात, अंगाजवळ घेतलेली कोपरं. देवासमोर उभं राहताना अंगाची जी ठेवण होते, तिच्या जवळची ही ठेवण आहे. त्यात रोखणं नाही. फोटोवाला मान वर करतो तेव्हा त्याचं तोंड पूर्ण उघडं असतं. तो हसू शकतो, पाऊसपाण्याची चौकशी करू शकतो, आणि बोलता बोलता अंगठ्याने किंवा बोटाने खटका दाबू शकतो. आवाज होतो तो जिभेने टिचकी मारल्याएवढा. शटर भिंगातच बसवलेलं असतं आणि काचेवर चित्र पाडणारा आतला आरसा जागचा हलत नाही, त्यामुळे धाडकन काही वाजत नाही. अंगणातल्या आजीबाईला फोटो निघाल्याचं पुष्कळदा कळतही नाही.

हे साधायला कामाचा क्रम मात्र पक्का हवा. झाकणात एक छोटं भिंग दडवलेलं असतं, ते वर काढून, डोळा त्याला भिडवून आधी फोकस करून घ्यायचा. बाजूची चकती फिरवत समोरच्याच्या पापण्या काचेवर धारदार दिसेपर्यंत. मग ते भिंग मिटवून टाकायचं. पुष्कळजण ते तसंच ठेवतात आणि प्रत्येक फोटोला कॅमेरा तोंडापर्यंत उचलत राहतात. मग मान खाली घालायचा सगळा फायदा गेला. दोन मीटर अंतर, ८० मिलिमीटरचं भिंग आणि एफ ८ एवढं छिद्र असेल तर पुढेमागे मिळून साधारण अर्धा मीटर जागा फोकसमध्ये राहते. म्हणजे समोरचं माणूस जरा पुढे झुकलं, हसून मागे रेललं तरी चालतं. एकदा फोकस झाला की काचेकडे बघायची गरज उरत नाही. माणसाकडे बघावं आणि खटका दाबावा.

या कॅमेऱ्यात चुकतं ते उंचीत. फोटोवाला उभा आणि समोरचा खाटेवर बसलेला असेल तर पोटाशी धरलेलं भिंग त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतं, ते उत्तम. दोघेही उभे असतील तर भिंग खालून वर बघतं. नाकपुड्या दिसतात, हनुवटी जड होते. अशा वेळी फोटोवाल्याने ओट्यावर किंवा पायरीवर उभं राहावं. दुधी काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. पोर डावीकडे पळालं की काचेत ते उजवीकडे पळतं आणि नवखा माणूस कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला वळवतो. मीटरभर अंतरावरून चेहरा घेताना आणखी एक घात होतो: दोन भिंगांमध्ये चार-पाच सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे काचेत डोकं पूर्ण दिसतं आणि फिल्मवर कपाळाचा वरचा भाग कापला जातो. वर थोडी रिकामी जागा सोडायची सवय लावून घ्यावी. भर उन्हात दुधी काच दिसेनाशी होते, तेव्हा डोक्यावरचा टॉवेल किंवा टोपी कामाला येते. फोटोवाला टॉवेलखाली डोकं घालतो हे बघून पोरं खिदळतात. त्यांचा खरा फोटो त्या खिदळण्यात असतो.

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. साडी नेसून, हातात रोलिफ्लेक्स घेऊन त्या दिल्लीतल्या मोठमोठ्या समारंभांत वावरल्या. त्यांच्या फोटोंतले पुढारी सिगारेट पेटवताना, हसताना, आपापसांत कुजबुजताना दिसतात. कसबी डोळा हे कारण आहेच. पण हातातल्या कॅमेऱ्याचा त्यात वाटा नव्हता असं मला वाटत नाही.

डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. मराठीत कॅमेरा 'रोखतात', जशी बंदूक रोखतात. 'नेम धरून' फोटो घेतात. आणि फोटो 'काढतात', जसा काटा काढतात, जसं विहिरीतून पाणी काढतात. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, तिघांचा एकत्र फोटो काढू नये, ही बोलणी गावोगाव ऐकू येत. त्यांच्याकडे तुच्छतेने बघू नये. समोरच्या परक्या माणसाने तोंड झाकून घेतलंय, एक डोळा मिटलाय, कोपरं वर केलीत आणि एक काळी नळी आपल्याकडे वळवून तो काहीतरी 'काढून' घेतोय, एवढंच त्या माणसाला दिसत असतं. पूर्वी त्या काढलेल्याचं पुढे काय होतं तेही त्याला कधी कळत नसे.

७०-२०० मिलिमीटरचं भिंग लावलेला कॅमेरा हातात असला की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पेपरात येणार?" नुसतं ते भिंगच दीड किलोच्या आसपास भरतं, फोटोवाला ते डाव्या तळहातावर तोलून धरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा सरकारी किंवा पेपरचा माणूस. अशा कॅमेऱ्यापुढे माणसं दोन तऱ्हांनी वागतात. काही आपली तक्रार सांगायला लागतात, रस्ता नाही, पाणी नाही, हेही घ्या. काही कामच थांबवतात. मासळी बाजारात तर उघड चिडतात, आणि ते बरोबरच आहे, कारण कॅमेरेवाला गिऱ्हाईक अडवून उभा असतो. ३५ किंवा ५० मिलिमीटरचं आखूड भिंग लावलं तर जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर बोलावं लागतं. लांबच्या भिंगाने हे बोलणं वाचतं, म्हणून ते सोपं वाटतं. फोटोत मात्र न बोलल्याचं दिसतं. समोरचा आपल्याकडे बघत असला तरी ते बघणं संशयाचं असतं.

डोळ्याला लावायचाच कॅमेरा असेल तर एक तोडगा आहे. तो तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवायचा, फोकस करून चौकट पक्की करायची, खटक्याची केबल हातात घ्यायची आणि कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहायचं. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगारांचे, भटक्यांचे फोटो असेच काढले. ८ × १० इंची फिल्मचा लाकडी कॅमेरा, मागे पांढरा कागद आणि स्वतः भिंगाच्या बाजूला, समोरच्याच्या नजरेपुढे उभे. माणूस माणसाकडे बघतो तेव्हा त्याच्या कपाळावरची आठी कुठे पडते, हे त्या फोटोंत दिसतं.

अशा मोठ्या भात्याच्या कॅमेऱ्यापुढे माणसं फार वेगळी वागतात, कारण तिथे वेळ लागतो. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं, दुधी काचेवर उलटं चित्र बघत भाता पुढेमागे करायचा, बाहेर यायचं, शटर मिटायचं, फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची पाटी ओढायची, आणि मग खटका. होल्डर आत गेला की फोटोवाल्यालाही काही दिसत नाही. या सगळ्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. पहिल्या मिनिटाला माणूस ताठ असतो. दुसऱ्या-तिसऱ्याला कंटाळतो. त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्याचं नेहमीचं असतं. खांदे उतरतात, ओठ आपल्या जागी येतात. याच वेळेला जपायचं. पण माणूस सैलावला की पुढेमागे सरकतो, आणि मोठ्या फिल्मवर फोकसची खोली इतकी कमी असते की चार बोटं सरकला तरी डोळे धूसर येतात. जुन्या फोटोवाल्यांची युक्ती अशी: कॅमेऱ्याला एक दोरा बांधायचा, फोकस करताना त्याचं दुसरं टोक समोरच्याच्या गालाशी टेकवून गाठ मारायची, आणि खटक्याआधी दोरा पुन्हा ताणून बघायचा.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तेव्हा काचेवरच्या एका फोटोला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ हसू धरून ठेवून बघा, गालाला रग लागते. त्या काळातले लोक गंभीर दिसतात याचं एक साधं कारण हे आहे. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार उभा करत आणि त्याच्या पुढच्या चिमट्यात मान धरत. जुना फोटो हातात आला तर उभ्या माणसाच्या टाचांमागे बघावं. कधी कधी धोतराच्या सोग्याआडून त्या आधाराचा लोखंडी पाय डोकावतो. लोखंडाने धरलेल्या मानेचा माणूस आणि त्याचा 'करारी' चेहरा यांचा संबंध तिथे उघड होतो.

फ्लॅशने आणखी एक गडबड केली. डोळे लाल येऊ नयेत म्हणून पुष्कळ कॅमेरे खऱ्या फ्लॅशच्या साधारण सेकंदभर आधी एक दिवा लावतात. समोरच्यांना वाटतं झाला फोटो. हसू उतरतं, कुणी शेजारच्याकडे वळतं, आणि तेव्हा खरा फ्लॅश पडतो. घरोघरच्या अल्बममध्ये अशा ढिल्या पडलेल्या फोटोंची पानंच्या पानं आहेत. ही सोय बंद करून ठेवावी. नव्या फ्लॅशमध्ये प्रकाश मोजण्यासाठी एक बारीक लखलखाट आधी होतो. तो इतका लवकर होतो की बहुतेकांना कळत नाही, पण ज्यांच्या पापण्या चपळ आहेत ते दर फोटोला डोळे मिटलेलेच येतात. त्यांना 'डोळे उघडे ठेवा' असं दहादा सांगून शरमवू नये. फ्लॅशची ताकद आपण हाताने ठरवून दिली की तो पहिला लखलखाट होतच नाही, आणि काम भागतं. गटाच्या फोटोसाठी ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी एक सोपा हिशोब मांडला, त्याला २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं: माणसं २० पेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावं, कमी उजेडात दोनने, आणि तेवढे फोटो घ्यावेत. म्हणजे बारा जणांचं कुटुंब असेल तर अंगणात चार, मांडवात सहा. त्यांतल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची चांगली आशा असते.

लग्नातला व्हिडिओ कॅमेरा हा स्वतंत्र विषय आहे. नव्वदीच्या दशकात खांद्यावरचा कॅमेरा आणि मागे दिवा धरणारा पोऱ्या असा तो जथा पंगतीत शिरला की घास तोंडाशी थांबायचा. लोक फोटोसारखे स्तब्ध बसायचे आणि शूटिंगवाला म्हणायचा, "अहो, हला, बोला काहीतरी!" चालतं चित्र आणि थांबलेलं चित्र यांना अंगाने वेगळं उत्तर द्यायचं असतं, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. आज उलट झालंय. फोटोसाठी कॅमेरा उचलला तरी मुलं नाचायला लागतात. नवरा-नवरीला मात्र दोन्हींनी छळलं. अंतरपाट दूर झाल्यावर हार घालण्याचा क्षण एकदाच यायला हवा. "परत एकदा घाला" म्हटलं की दुसऱ्यांदा घालताना दोघंही एकमेकांकडे न बघता भिंगाकडे बघतात. तो क्षण हुकला तर हुकला म्हणावं.

आवाज हेही एक उत्तर असतं. शटर वाजलं की माणसाला कळतं, झालं, आता श्वास सोडायला हरकत नाही. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत शटर पूर्ण मुकं करता येतं. गाण्याच्या मैफलीत ते वरदान आहे, आलापीत 'खटॅक' असा आवाज गेला की गवई आणि श्रोते दोघांचाही रसभंग होतो. फक्त तिथे एलईडीच्या दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की ते बहुधा जातात. पण समोरासमोरच्या फोटोत मुकं शटर वापरू नये. माणूस हसू धरून बसतो, ते हळूहळू आंबतं आणि शेवटी तो विचारतो, "काढला का?" जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइलचा कॅमेरा मुद्दाम वाजता ठेवलेला असतो, चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून.

चोरून काढलेल्या फोटोंचाही इतिहास आहे. अमेरिकन फोटोग्राफर वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. भिंग गुंड्यांमधून डोकावत होतं, केबल बाहीतून हातापर्यंत. त्या चेहऱ्यांवर कुणासाठी म्हणून काहीच नाही, अगदी विझलेले, आपल्यातच बुडालेले चेहरे. ते फोटो विलक्षण आहेत. पण त्यांचं पुस्तक त्यांनी १९६६ पर्यंत काढलं नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आज मोबाइल छातीशी धरून कुणीही हे करू शकतं आणि संध्याकाळपर्यंत जगाला दाखवू शकतं. मधली पंचवीस वर्षं गळून गेली.

मोबाइलपुढे माणसं सगळ्यात कमी बिचकतात. घरातलाच तो, खिशातलाच. वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीही मोबाइलकडे बघून सहज हसतात. त्यांना थांबवून, मागे-पुढे करायला लावून फोटो घेणारे मात्र दिंडीची लय मोडतात. त्यापेक्षा वीस पावलं बरोबर चालावं, मग घ्यावा. मोबाइलची खरी अडचण फोटो निघाल्यानंतर सुरू होते. "दाखव" आणि लगेच "डिलीट कर". पुढच्या कॅमेऱ्यात माणूस स्वतःला आरशासारखा उलटा बघतो, आणि मागच्या कॅमेऱ्याने घेतलेला सुलटा चेहरा त्याला परका वाटतो. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी हे तपासलं: माणसांना स्वतःचा आरशातला चेहरा आवडतो, त्यांच्या मित्रांना सुलटा. शिवाय हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं. १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत ते पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद येतं, असा हिशोब २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला. पोरीबाळी आपल्या नाकाला नावं ठेवतात तेव्हा त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी. आणि एक: फोटो काढता काढता पडदा दाखवत बसू नये. एकदा स्वतःला बघितलं की माणूस केस सारखे करतो, पोट आत घेतो आणि पुढचे सगळे फोटो एकाच साच्यातले येतात. सगळं झाल्यावर दाखवावं, सगळं दाखवावं.

लगेच छापून देणाऱ्या इन्स्टॅक्ससारख्या कॅमेऱ्याभोवती लोक गोळा होतात आणि हलत नाहीत. पांढरा कागद बाहेर येतो, दीडएक मिनिटात त्यात चेहरा उगवतो. तो कागद झटकू नये, झटकून लवकर येत नाही. थंडीत रंग फिके येतात, तेव्हा सदऱ्याच्या आत धरावा. साठ सेंटिमीटरच्या आत गेलं तर फ्लॅशने चेहरा पांढराफटक पडतो. खोक्यात दहाच कागद असतात आणि माणसं पंधरा, म्हणून सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करावी. त्याबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही.

म्हातारी माणसं बऱ्याचदा स्वतःहून बोलावतात. "एक चांगला काढून ठेव माझा." कशासाठी ते घरात सगळ्यांना माहीत असतं, आणि सुना "असं काय बोलता" म्हणून विषय बदलतात. बदलू नये. आजोबांना टोपी घालायची आहे की नाही, आजींना नथ हवी का, चष्मा ठेवायचा का, हे त्यांनाच विचारावं. उत्तरेकडच्या खिडकीशी किंवा पडवीत बसवावं, फ्लॅश नको. चष्म्यात खिडकी चमकली तर काड्या कानावर किंचित उचलाव्यात, काच जरा खाली कलते आणि चमक जाते. भिंग डोळ्यांच्या उंचीवर, अंतर दोन मीटर. भिंतीवरच्या फोटोला ८ × १० इंच लागतात, म्हणून चारी बाजूंना जागा सोडावी, डोक्यापाशी जास्त. सहा-सात फोटो घ्यावेत, आणि त्यांतला कुठला ठेवायचा ते त्यांनी निवडावं.

आणि तो पोचवावा. "आम्हाला कधी मिळणार?" हा प्रश्न प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तोच असतो, आणि पुष्कळांना त्याचं उत्तर कधीच मिळालेलं नसतं. व्हॉट्सॲपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर छापताना धूसर येतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ४ × ६ इंची छापून टपालाने धाडावा. पत्ता घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावा, पिनकोडसकट, आणि खाली त्याचंही नाव घ्यावं. पाकीट आलं का, याची वाट तेच बघतं.